एक पलंग, दोन फोन

माझी मावशी आयुष्यभर नर्स होती. निवृत्त झाल्यावर ती घरी बसेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि ती बसलीही नाही. गिरगावात तिच्या चाळीच्या तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. तिथून तिने आजारी माणसाला घरी लागणाऱ्या वस्तू वापरायला द्यायला सुरुवात केली. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. गरज संपली की पुसून परत आणून द्यायची, एवढीच अट. हॉस्पिटलात असतात तसे वर-खाली होणारे पलंग मात्र त्या खोलीत मावत नसत. ते परळला एका काकांच्या ताब्यात होते. काका बसगाड्यांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. त्यांच्या इमारतीच्या मागे एक जुनं गोदाम होतं, तिथे पलंग सुटे करून ठेवलेले असत.

मी परळच्याच एका उंच इमारतीत नोकरी करते. आमच्या कंपनीची माणसं गावोगाव फिरून फोनवर ऑर्डर लिहून घेतात. ती ऑर्डर ऑफिसातल्या लॅपटॉपवर दिसली पाहिजे, ऑफिसने केलेला बदल त्यांच्या फोनवर गेला पाहिजे आणि मध्ये रेंज गेली तरी काही हरवता कामा नये. हे सगळं जुळवणं हे माझं काम. एकदा जेवताना मावशीने विचारलं, "तू दिवसभर नक्की करतेस तरी काय गं?" मी सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे इथे लिहिलं की तिथे दिसतं?"

"हो."

"मग आमच्यासाठी का नाही करत? परळला पलंग शिल्लक आहे का, एवढं विचारायला मी सकाळपासून फोन करत बसते. आणि काका गोदामात शिरले की त्यांचा फोन लागेल तर शपथ!"

अशी माझ्या शनिवारांची सोय झाली. सकाळी गिरगाव, दुपारी परळ. दोन्हीकडे भिंती जाड, रेंजचा पत्ता नाही. म्हणून मी ठरवलं की नोंद आधी फोनमध्येच राहील. माणूस बाहेर मोकळ्यावर आला, रेंज मिळाली, की ती आपोआप वर क्लाउडमध्ये जाईल आणि तिथून बाकीच्यांच्या फोनवर उतरेल. मावशीला हे लगेच पटलं. काकांनी फोन उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यो क्लाउड नेमको खंय आसा?"

"खूप लांब, काका. दुसऱ्या कुणाचा तरी मोठा कॉम्प्युटर असतो. आपण त्यात थोडी जागा घेतलीय."

"मगे तसा सांग ना, बाय! उगाच आभाळाकडे कित्याक बघूक लावतस?"

अ‍ॅप सुरू झालं आणि छान चाललं. काकांनी परळला व्हीलचेअर परत घेतली की मावशीच्या फोनवर ती हिरवी, म्हणजे मोकळी, दिसायची. मावशी मला मुद्दाम फोन करून सांगायची, "बघ, हिरवी झाली!" जणू कुंडीत रोप उगवलंय. ऑफिसात आम्ही एवढं मोठं काम करतो, पण तिथे असं कुणी फोन करून सांगत नाही.

मग तो मंगळवार आला. मी सुट्टीवर होते आणि संध्याकाळी काकांकडे सहज गेले होते. गोदामात लालबागचा एक माणूस उभा होता, माझ्याच वयाचा. त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. काकांनी दुपारी त्याच्या नावावर पलंग लिहिला होता. शेवटचाच उरलेला. दोघं मिळून त्याचे पाय नि फळ्या बाहेर काढत होते. तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला आणि एक बाई घाईघाईने उतरल्या.

"गिरगावच्या नर्सबाईंनी पाठवलंय. आईसाठी पलंग न्यायचाय. खुब्याचं ऑपरेशन झालंय, आज सोडतायत तिला."

काकांनी फोन पाहिला. त्या बाईंचं नाव कुठेच नव्हतं. मी बाहेर रस्त्यावर जाऊन मावशीला फोन लावला. ती म्हणाली, "मी स्वतः लिहिलंय गं. दुपारी. हिरवा होता पलंग, मी लाल केला."

मला उलगडा झाला. दुपारी दोघंही आपापल्या बंद खोलीत होते. दोघांच्याही फोनवर पलंग मोकळा दिसत होता, दोघांनीही तो देऊन टाकला. मावशी आधी बाहेर आली, तिची नोंद वर गेली. काका नंतर बाहेर आले, त्यांची नोंद गेली. जी नंतर येईल ती खरी, असा नियम होता. बऱ्याच ठिकाणी असतो, आमच्या ऑफिसातही तोच आहे. त्या नियमाने मावशीची नोंद गुपचूप पुसली होती. कुठे काही वाजलं नाही, दिसलं नाही.

त्या बाई दारातच उभ्या राहिल्या. "आईला खाली गादीवर कशी झोपवू हो? डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलीय."

लालबागच्या माणसाने हातातला पलंगाचा पाय खाली ठेवला. "तुमची आई आज येतेय?"

"आता तासाभरात."

"आमचे बाबा शुक्रवारी येणार. मी जागा करून ठेवावी म्हणून आधी न्यायला आलो होतो." तो काकांकडे वळला. "काका, शुक्रवारपर्यंत दुसरा होईल ना?"

"करतंय मी," काका म्हणाले. "कायव करून करतंय."

मग त्या माणसाने सुटे भाग टेम्पोत चढवायला सुरुवातच केली. त्या बाईंनी सांगितलं की घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि घरी उचलायला कुणी नाही, तेव्हा तो टेम्पोत मागे बसून त्यांच्याबरोबर गेलासुद्धा. पलंग जोडून देऊनच परतला. मावशीने तेवढ्यात तीन-चार घरी फोन फिरवले होते. शीवच्या एका घरात पलंग वापराविना पडून होता, परत द्यायचा राहून गेला होता. गुरुवारी तो लालबागला पोचला.

त्या शनिवारी आम्ही तिघं मावशीकडे बसलो. तिने घावणे केले होते. मी विचारलं, "एकाच वस्तूवर दोन नावं आली तर अ‍ॅपने काय करावं?"

"आधी इलो तेचा," काका म्हणाले.

"मुळीच नाही," मावशी म्हणाली. "ज्याचा पेशंट आधी घरी येतोय त्याचा."

"आणि दोघांचे एकाच दिवशी आले तर?" मी विचारलं.

"मग आम्ही बोलू ना एकमेकांशी! तोंडं आहेत की आम्हाला."

मी तेच केलं. आता दोन नावं आली की अ‍ॅप एकही पुसत नाही. दोन्ही ठेवतं, त्यांच्याभोवती लाल चौकट काढतं आणि दोघांचेही फोन वाजवतं. पेशंट घरी कधी येणार, असा एक रकाना वाढवला. पुढचं ती दोघं बघतात. पहिल्यांदा लाल चौकट आली ती एका हवेच्या गादीवर. मी तेव्हा मावशीजवळच होते. दोघांचा फोनवर निर्णय व्हायला मिनिटभर लागलं असेल. मग काकांच्या गुडघ्यांवर बरंच बोलणं झालं, आणि कुठलं तेल लावावं यावर त्याहून जास्त.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी पुढे वॉकर घेऊन स्वतः पलंग परत करायला आल्या. लेक मागून ओरडत होती, "आई, हळू!" आणि त्या काकांना सांगत होत्या की पलंग चांगला आहे, पण डोक्याकडचा स्क्रू करकरतो, तेवढं तेल घाला. काकांनी त्यांच्यासमोरच घातलं. लेक आता रविवारी गिरगावात मावशीच्या मदतीला येते, तिच्याही फोनवर अ‍ॅप आहे. लालबागच्या माणसाच्या वडिलांना मात्र पलंग अजून लागतो. परवा त्यांनी आधार धरून खिडकीपर्यंत फेरी मारली, असं त्यांचा मुलगा सांगत होता.

महिनोन्‌महिने मला त्या अ‍ॅपला हात लावावा लागत नाही. शनिवारी मी तरीही जाते. मावशी हातात ओलं फडकं देते नि म्हणते, "ती मागची व्हीलचेअर पुस, चाकंसुद्धा नीट." मी पुसते. शेजारी कुणीतरी कुकर लावलेला असतो, मावशी कुणाला तरी वॉकरची उंची कशी ठेवायची ते दाखवत असते. मला घरी जायची घाई नसते.