एक वीत, चार बोटं

मासा किती मोठा होता हे सांगायची वेळ आली की बारकूकाका दोन्ही हात काखेत घालायचे. आमच्या महाड-पोलादपुरातला गळाने मासे धरणारा कुठलाही माणूस घ्या, माशाचा विषय निघाला की त्याचे हात आपोआप फाकतात आणि दर खेपेला मधलं अंतर थोडं वाढतं. मीही त्यातलाच. काका मात्र थंडी वाजल्यासारखे हात आवळून उभे राहायचे आणि माप तोंडाने सांगायचे, "एक वीत, दोन बोटं." असं का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "हात मोकळे सोडले का मासा वाढतो, सर."

त्यांची माझी ओळख सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर झाली. उमरठच्या वर डोंगरात त्यांची वाडी. मुंबईत एका ऑफिसच्या इमारतीत ते अठ्ठावीस वर्षं लिफ्टमन होते. उभं राहून राहून गुडघे गेले, म्हणून आठवड्यातून एकदा एसटीने सवला येऊन पाय शेकायचे आणि मग सावित्रीच्या काठावर गळ टाकून बसायचे. मी महाडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. मासेमारी हा माझा नाद, पण त्याहून मोठा नाद त्याबद्दल लिहिण्याचा. हौशी गळवाल्यांसाठी निघणाऱ्या 'गळ' नावाच्या त्रैमासिकात माझं सदर होतं, 'सावित्रीच्या तीरावरून'.

त्या अंकात बाकी काय असायचं ते सांगतो, म्हणजे माझा तोरा कळेल. चार पानं काठ्यांच्या आणि रिळांच्या जाहिराती. दोन पानं कुठल्या माशाला कुठला गळ. आणि एक गृहस्थ दर अंकात तोच मासा पुन्हा पकडायचे, फक्त फोटो मोठा. या सगळ्यात माझं सदर म्हणजे साहित्य! 'प्राचीच्या सुवर्णकिरणांत न्हाऊन निघालेली सावित्री' अशी सुरुवात केली की मलाच भरून यायचं.

एक अंक मी काकांना वाचायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो नीट कागदात गुंडाळून परत आणला.

"वाचलात?" मी विचारलं.

"वाचला की. नदी लई नटलीय." अंक माझ्या हातात देत म्हणाले, "पन मासा चौथ्या पानावर येतो, सर. तवर मानूस घरी जाईल."

माझं डोकंच फिरलं. अहो, ज्या माणसाचं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं, तो मला लिहायला शिकवणार! मी म्हटलं, "मग तुम्हीच लिहा की."

त्यांनी लिहिलं. नातीच्या जुन्या वहीतलं एक पान, पेन्सिलीने. 'आज गेलो. काय लागला नाय. वाम आली व्हती, दोरी कापून गेली. तिचा काय चुकला नाय. मग पानी बघत बसलो.' अशा पंधरा-वीस ओळी. मी सवच्या कुंडाच्या पायरीवर उभ्या उभ्या वाचल्या आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. लिहिणाऱ्या माणसाला कळतं हो. बाकी कुणाला कळो न कळो, आपल्याला लगेच कळतं.

"असं आखूड लिहायला कुठे शिकलात?" मी शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

"लिफ्टीत. चौथ्या माळ्यापर्यंतच बोलायचा टायम असतो. मग दार उघडतंय, मानूस जातो. फालतू बोलला तर गोष्ट राहून जाते."

मी तो कागद मोबाइलवर टाइप करून 'गळ'च्या संपादकबाईंना पाठवला. आपला मोठेपणा दाखवायला पाठवला, खोटं कशाला बोलू? वाटलं, बाई हसतील. बाईंनी तो पहिल्या पानावर छापला. माझं सदर मागे गेलं, गमबुटांच्या जाहिरातीशेजारी. पुढच्या अंकात सात वाचकांची पत्रं, सातही काकांना. अकरा वर्षांत मला एकूण तीन आली होती, त्यातलं एक माझ्या मेव्हण्याचं. आमच्या घरातही तेच. हिने काकांचं पान दोनदा वाचलं आणि म्हणाली, "ह्यात पाणी दिसतं हो." माझं सदर वाचून ती नेहमी म्हणायची, "छान आहे. आता जेवायला चला."

काका दर तीन महिन्यांनी एक पान आणून द्यायचे आणि मी टाइप करून पाठवायचो. बाईंचा मेसेज असायचा, 'सर, काकांचं एक अक्षरही बदलू नका.' माझ्या लेखांबद्दल असा मेसेज कधी आला नव्हता. त्यांतल्या निम्म्या ओळी बाई बिनदिक्कत उडवायच्या. दर वेळी काकांचं पान हातात घेताना मी देवाला म्हणायचो, या वेळी तरी वाईट असू दे. देवाने कधी ऐकलं नाही.

चौथं पान मरळीचं होतं. वाडीखालच्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, काकांच्या गळाला मरळ लागली, एक वीत चार बोटं. ओढून काठाला आणली आणि मागे पाण्यावर तिची पिल्लं दिसली, लाल, पुंजका करून. पिल्लांजवळची मरळ आमच्याकडची जुनी माणसं धरत नाहीत. काकांनी गळ काढून तिला सोडली. शेवटची ओळ होती, 'घरी कालवण नव्हता. मिरचीशी भाकर खाल्ली. बरी लागली.'

ते 'बरी लागली' वाचलं आणि माझा ताबा सुटला. मी टाइप करायला बसलो आणि सुधारायला लागलो. एक वीत चार बोटांची मरळ 'चांगली दोन हात लांब' केली. पिल्लं पाहून काकांच्या डोळ्यांतून 'घळाघळा अश्रू' काढले. मातृत्वावर एक परिच्छेद घातला. मिरची-भाकर काढून टाकली. आणि पाठवून दिलं. पाठवताना बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. आता बघू, म्हटलं, कोण पत्रं लिहितं ते.

बाईंनी काकांचंच समजून ते जसंच्या तसं छापलं. पत्र एकही आलं नाही. पण वाडीतल्या कुणाच्या तरी मुंबईच्या भाच्याने त्या पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. त्या कोंडीत दोन हातांची मरळ कुणाच्या बापाने पाहिली नव्हती. सगळ्या खोऱ्यात एकच माणूस असा होता की त्याने सांगितलेलं माशाचं माप कुणी पुन्हा विचारत नसे. आता पोलादपूर स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर काका दिसले की बाकावरची माणसं दोन्ही हात फाकून ओरडायची, "आला रे आला, दोन हातवाला!"

काका सवला आले तेव्हा अंक बरोबर होता. मी कुंडाच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी अंक माझ्या मांडीवर ठेवला.

"माजी मरळ एक वीत चार बोटं. ही तुमची हाय, सर. ठेवा."

"काका, लोकांना सांगा ना, मी बदललं म्हणून," मी म्हटलं. म्हणजे तोंडाने म्हटलं. मनात एकच धाकधूक, खरंच सांगितलं तर माझं सदर जाईल.

"इचारला लोकांनी. मी म्हनलो, मीच लिवला." ते गुडघ्यांवर पाणी घेत बोलत होते. "मराठीचा मास्तर खोटा लिवतो असा म्हनलो तर तुमच्या हाताखाली शिकलेल्यांनी काय करायचा?"

त्यानंतर त्यांनी एकही पान दिलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "काय लागत नाय." मला बाईंना दोन ओळींचं पत्र लिहायचं होतं, चूक माझी, दुरुस्ती छापा. दीड वर्षात ते झालं नाही. माझं सदर मात्र पुन्हा पुढच्या पानांवर आलं होतं आणि, लाज वाटते सांगायला, मला ते आवडत होतं.

गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापाने काका गेले. तेराव्याला मी वाडीवर गेलो. मांडवात पंगत बसायची होती, माणसं काकांच्या आठवणी काढत होती. टपरीवरल्या एकाने डोळे पुसले आणि हसत दोन्ही हात फाकले, "आमचा दोन हातवाला गेला रे!" सगळे हसले, प्रेमानेच हसले. काका मेल्यावरही त्या नावाने राहणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी उभा राहिलो. हातांचं काय करावं कळेना, म्हणून काखेत घातले.

"मरळ एक वीत चार बोटं होती," मी म्हटलं. "काकांनी तेवढीच लिहिली होती. दोन हात मी केली. त्यांचं लिहिणं माझ्यापेक्षा चांगलं होतं, मला बघवलं नाही."

हात फाकणाऱ्या माणसाने हात खाली घेतले. दाराशी काकी बसल्या होत्या, काकांच्या मंडळी. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नवल नव्हतं.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तवाच इचारला व्हता मी त्यास्नी, सरांनी असा का केला म्हनून."

"काय म्हणाले?"

"म्हनले, सरांच्या गळाला लागत नाय गो, म्हनून वाढवतात."

पत्रावळ्या मांडायला सुरुवात झाली. काकींनी मला बसायची खूण केली. मी बसलो, मान खाली घालून, आणि देवाशप्पथ सांगतो, त्या वाक्याचासुद्धा मला हेवा वाटला.