वाळुंज व डॉल्फिन यांतील फरक सांगा

स्टाफरूममध्ये किस्से जमवायला कुणी बसत नाही. मधल्या सुट्टीचा चहा, तपासायचे पेपर आणि चार मास्तर एकत्र आले की ते आपोआप साठतात. दिग्रसच्या शाळेतले माझे बहुतेक किस्से मात्र एकाच प्रश्नाचे आहेत.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी विज्ञानाचा नवा मास्तर, नोकरी अजून कायम व्हायची होती. सहामाहीला मी दोन प्रश्न लिहून दिले. पहिला नदीकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या झाडावर, 'वाळुंज व बाभूळ यांतील फरक सांगा.' त्याखाली 'मासा व डॉल्फिन यांतील फरक सांगा.' छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची नजर पहिल्या 'व'वरून थेट दुसऱ्या 'व'वर गेली. छापून आलं, 'वाळुंज व डॉल्फिन यांतील फरक सांगा.' गुण दहा!

*

पेपर वाटल्यावरच मला ते दिसलं. तेवढ्यात नववीतली शकुंतला उभी राहिली.

"सर, डॉल्फिन आपल्याकडं कुठी उगते?"

"तो समुद्रात असतो, किनाऱ्याजवळ."

"मंग खारं पानी चालते त्याच्या मुळायले?"

*

हेडमास्तर आले. प्रश्न वाचून हळूच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे. तुमच्या कायम होण्याचा कागद त्याच साहेबांपुढे जाणार."

पोरांना निदान कल्पना यावी म्हणून त्यांनी ड्रॉइंगच्या शेख सरांना बोलावलं. शेख सरांनी फळ्यावर वाळुंजाचं झुडूप झकास काढलं. डॉल्फिनला मात्र मिशा होत्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "समंदर मी कुठी पाह्यला भाऊ? बाजारातला मिशावाला शिंगाडा मासा पाह्यला, त्यालेच मोठा केला."

*

पेपर तपासायला घेतले. एकानं लिहिलं होतं, 'वाळुंज छाटला तर पुन्हा फुटतो. डॉल्फिन छाटू नये.' दुसरीनं लिहिलं, 'दोघांनाही पाणी लागते. पण वाळुंज काठावर थांबतो, डॉल्फिन आत जातो.' मी तिला दहापैकी नऊ दिले. नोकरी जाणारच होती, मग हात कशाला आखडायचा?

*

इन्स्पेक्टर साहेबांनी नेमका तोच गठ्ठा मागितला. अर्धा तास ते वाचत होते.

"हा प्रश्न कुणी काढला?"

मी उभा राहिलो. "साहेब, छपाईची चूक आहे. पण प्रूफ मी बघायला हवं होतं."

"ते कळलं मला," साहेब म्हणाले. "पण गाइडातलं उत्तर एकाही पोरानं लिहिलेलं नाही. दहा वर्षांत असा गठ्ठा पाहिला नव्हता." आणि माझ्या कागदावर सही केली.

हेडमास्तर लगेच म्हणाले, "आमच्या शाळेची पद्धतच आहे ती!"

त्या दिवशी आठवड्यानंतर पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

*

निकाल लागल्यावर महागावकडचे एक शेतकरी, लक्ष्मणराव, शाळेत आले. नदीकाठी त्यांचं शेत. काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मास्तर, पोरीचे पाच मार्क काहून कापले?"

"काका, तिनं वाळुंजाबद्दल दोन पानं लिहिली. डॉल्फिनबद्दल एक ओळ नाही."

त्यांनी गोणपाट सोडलं आणि हिरवीगार फांदी माझ्या टेबलावर ठेवली.

"हा आमचा वाळुंज. आता तुमचा तो दुसरा आना."