प्रभाकर मोकल उभेच राहिले

प्रभाकर मोकलांना एखादं पुस्तक आवडल्याचं आमच्या वाचनालयात कुणी कधी ऐकलं नव्हतं. पुस्तक परत करायला आले की ते टेबलावर ठेवायचे, चष्मा काढून खिशात घालायचे आणि ग्रंथपाल शोभाताईंना त्यातले दोष सांगायला लागायचे. शोभाताई शिक्का मारता मारता "हो का?" म्हणायच्या. सगळे दोष सांगून झाले की मोकल त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक मागायचे.

ते ओवे गावातल्या आगरी घरातले. पनवेलच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. त्यामुळे गावातल्या जुन्या माणसांना त्यांचा चेहरा आठवायच्या आधी गाड्या पुकारणारा आवाज आठवतो. माझीही ओळख स्थानकातलीच. मी शिक्षिका, शाळेची सहल घेऊन निघाले होते आणि गाडीत चढलेल्या मुलांची डोकी मोजत होते. हे नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून डोकावून म्हणाले, "बाई, मोजू नका. नावं घ्या. मोजण्यात चूक होते, नाव घेण्यात होत नाही." मला जरा रागच आला. शिकवण्याची सवय आमची, आणि शिकवत होते हे. पण त्या दिवसापासून मी सहलीला नावंच घेत आले.

दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमची बैठक असते. तिथे सभासदांनी लिहिलेलं वाचलं जातं आणि त्यावर बोलणं होतं. लिहिणाऱ्याचं नाव चर्चा संपेपर्यंत फक्त शोभाताईंना ठाऊक असतं. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने ते लिखाण घरी नेऊन वाचायचं आणि पुढच्या शनिवारी उभं राहून बोलायचं, आधी दोष, मग गुण. गुण सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही, हा बैठकीचा जुना रिवाज. नुसतं झोडपून कुणी घरी जाऊ नये म्हणून तो पडला.

मोकलांनी या रिवाजातूनही वाट काढली होती. दोषांना अर्धा तास झाला की "गुण. टाइपिंग स्वच्छ आहे," म्हणायचे आणि बसायचे. एका कवितासंग्रहाचा गुण त्यांनी "लवकर संपतो" असा सांगितला होता. उलट बैठकीत एक नियम त्यांनी स्वतः आणला होता: चिठ्ठीत आलेली ड्युटी बदलून मिळणार नाही. लोक ओळखीच्यांचं लिखाण मागून घेतात असा त्यांना संशय होता.

त्यांचा सगळ्यात मोठा घाव बसला तो प्रांजलला. प्रांजल उरणच्या कोळी घरातली, द्रोणागिरीला एका गोदामात मालाची आवक बघते. बोलायला चटपटीत, हसायला मोकळी. तिची एक कथा मोकलांच्या वाट्याला आली होती. "ज्याने हे लिहिलं त्याने समुद्र पुस्तकातून उचललाय, दारात पाहिलेला नाही," असं म्हणाले. गुण सांगितला, "पानं क्रमाने लावली आहेत." त्यानंतर किती तरी शनिवार प्रांजल आली नाही. आली तेव्हा मोकलांपासून लांबच्या खुर्चीत बसली. पुढेही तिथेच बसत राहिली.

हे सगळं सांगितलं, कारण याच माणसाने एक भली थोरली अद्भुत कादंबरी लिहिली होती आणि ते बैठकीत मला एकटीलाच माहीत होतं. शुद्धलेखन तपासायला म्हणून तिचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे आणून दिला तेव्हा पिशवीचे बंद तुटायला आले होते. नाव होतं 'चोरलेली भरती'. एक मांत्रिक समुद्राची भरती चोरून डोंगराच्या पोटात कोंडतो. खाड्या आटतात, मिठागरं करपतात, होड्या चिखलात रुतून बसतात. मग खाडीचा बांध राखणारी हिरकाय आणि तिचे सोबती भरती सोडवायला निघतात. राक्षस, बोलणारं कासव, उडते किल्ले, महायुद्ध, सगळं होतं. दोन प्रकाशकांकडे ती जाऊन आली होती. एकाने उत्तर दिलं नाही आणि दुसऱ्याने वाचलीच नाही, हे त्याच्या उत्तरावरून दिसत होतं.

यंदा वाचनालयाने ठरवलं की सभासदांच्या लिखाणातलं एक पुस्तक छापायचं. कोणतं, ते बैठकीने हात वर करून सांगायचं. मोकलांनी गठ्ठा शोभाताईंकडे दिला. "बाई, आता नाही तर कधी नाही," एवढंच मला म्हणाले. त्या माणसाला काही हवंसं वाटताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आलेले गठ्ठे दोन महिने सभासदांत वाचायला हातोहात फिरले, मग चिठ्ठ्या निघाल्या. शोभाताईंनी गठ्ठा मोकलांच्या हातात दिला. त्यांचं तोंड उतरलं. जिन्यावर मला गाठून म्हणाले, "माझ्या हातात माझीच आली."

"शोभाताईंना सांगा. त्यांना माहीत आहेच."

"सगळ्यांसमोर द्यायची कशी परत? कारण सांगावं लागेल. नाव फुटलं की बाद. आणि ड्युटी बदलून मिळत नाही."

"असला नियम केला कुणी?"

"मीच," ते म्हणाले, आणि दोघांनाही हसू आलं. ते फार टिकलं नाही.

मधल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको शांती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. माझ्यासाठी पाट सरकवत म्हणाली, "आवो बाई, तुमीच सांगा यांना. सगल्या जगाचा वाईट बोलून झाला. आता सोताचा तरी चांगला बोला. कुनाला कलनार हाय?"

"मना कलेल ना," मोकल म्हणाले.

"मंग वाईट बोला. आनि परत आनून ठेवा माल्यावर. येवढी वर्सा तिथंच व्हती."

मोकलांनी माळ्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी स्वतःच्या पुस्तकाची भलामण केली असती, तर पुस्तक छापलं गेलं असतं. पण मग बैठकीत पुन्हा तोंड उघडायला हे मोकल उरले नसते. आणि नेहमीसारखे खरे बोलले असते, तर त्यांनी झोडपलेलं पुस्तक कोण निवडणार होतं?

शनिवारी खोली भरलेली होती. मोकल इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाकीच्या पुस्तकांवर बोलून झालं आणि शेवटी त्यांची पाळी आली. गठ्ठा टेबलावर ठेवला, चष्मा काढून खिशात घातला आणि स्थानकातल्या आवाजात सुरू झाले.

"ही कादंबरी फार लांब आहे. डोंगर दिसतो तिसऱ्या प्रकरणात, पोचतात विसाव्यात. मधल्या प्रत्येक मुक्कामाला लेखकाने गाडी थांबवली आहे, प्रवासी असो वा नसो. मांत्रिक दुष्ट आहे, पण का दुष्ट आहे हे विचारायला लेखक विसरला. तो येतो तेव्हा मारत नाही, भाषण करतो. इतकं बोलणारा माणूस भरती चोरेल कधी?"

लोक हसायला लागले. मोकल हसले नाहीत.

"मग तो गरुड. ही मंडळी संकटात सापडली की गरुड येतो. दरवेळी येतो. नेमका वेळेवर येतो. इतकी वेळेवर येणारी गोष्ट लेखकाने आयुष्यात पाहिलेली दिसत नाही, म्हणून हौस भागवून घेतलीय."

आता खोली खदखदत होती. मी मात्र त्यांच्या हातांकडे पाहत होते. एक हात गठ्ठ्यावर होता आणि तो तिथून हलत नव्हता.

"शेवटचा दोष नावांचा. नावंच नावं. निघताना वेशीवरची जाणी म्हातारी सगळ्यांची नावं घेते. परत आल्यावर पुन्हा तीच सगळी. वाचक काय हजेरी घ्यायला बसलाय? एवढी पानं सरळ कापावीत. संपले दोष."

"आता गुण," शोभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. त्यांनाही माहीत होतं ना.

खारघरच्या टॉवरमध्ये राहणारे उदयसिंह जाधव मागून म्हणाले, "काका, टाइपिंग स्वच्छ आहे म्हणा आणि बसा!"

"टाइपिंग बरं आहे," असंसुद्धा मोकल म्हणाले नाहीत. "गुण मला सांगता येणार नाहीत," ते म्हणाले.

"मग बसता येणार नाही."

"उभा राहतो."

कुणी तरी हसलं, पण मध्येच थांबलं. मोकल खरोखरच उभे राहिले, हात गठ्ठ्यावर ठेवून, गाडी लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखे. तेव्हा लांबच्या खुर्चीतून प्रांजल उठली.

"शोभाताई, मी सांगू का गुण? माझ्याकडे मागच्या महिन्यात ही वाचायला होती."

"काकांची ड्युटी आहे," उदयसिंह म्हणाले.

"काकांची ड्युटी काकांनी केली अर्धी. उरलेली मी करते. बदलून घेत नाहीये, मदत करतेय."

शोभाताईंनी मान हलवली. प्रांजल टेबलापाशी आली.

"पहिलं म्हणजे, गरुड वाईटच आहे. गरुडाला काढा."

"मी तेच म्हटलं," मोकल म्हणाले.

"थांबा हो काका. मांत्रिकाचंही तुमचं बरोबर. पण बांध फुटतो ते प्रकरण? बायका रांगेने चिखलाच्या पाट्या देतात आणि कुणी एक शब्द बोलत नाही, ते? तिथे जादू नाही, राक्षस नाही. मला वाचताना हात भरून आले."

"ते प्रकरण संथ आहे."

"चिखल संथच असतो! चिखलात धावून दाखवा तुम्ही." खोलीतून टाळी पडली. "आणि हिरकाय. राजकन्या नाही, सुंदर नाही, भाकीत-बिकीत काही नाही तिच्याबद्दल. तिला बांध राखता येतो, म्हणून ती निघते. असल्या पुस्तकात असली बाई कुठे असते?"

"तिला शेवटी तलवार देऊन लेखकाने घाण केली," मोकल म्हणाले. स्वतःच्या पुस्तकाविरुद्ध इतक्या इमानाने भांडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"द्या हो तलवार, तिची हौस! आता नावांचं. काका, तुम्ही पानं कापा म्हणालात ना? ऐका."

तिने मोकलांचा हात हळूच बाजूला केला, गठ्ठ्यातलं शेवटाजवळचं पान काढलं आणि वाचलं:

"जाणीने पुन्हा पहिल्यापासून नावं घ्यायला सुरुवात केली. 'बेलू.' 'आलो.' 'हिरकाय.' 'आले.' 'तुरण.' कुणी बोललं नाही. तुरणला ओ द्यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ जाणी थांबली. मग तिने पुढचं नाव घेतलं."

प्रांजलने पान खाली ठेवलं.

"माझे काका एकदा होडीवरून परत आले नाहीत," ती म्हणाली. "तेव्हा माझी आई बंदरावर अशीच थांबली होती. ज्याने हे लिहिलंय, त्याने माणसं रवाना केलीत आणि ती परत यायची वाट पाहिलीय. हे कुठून ढापलेलं नाही. समुद्र पुस्तकातून उचलणं काय असतं ते मला माहितीये, काका. तुम्हीच शिकवलंत. हा तसा नाही."

मला त्या क्षणी सहलीची ती गाडी दिसली, आणि खिडकीतून डोकावणारा माणूस. डोळे पुसायला मी चष्मा काढला. मग एकेक जण बोलायला लागला. कुणाला कासव आवडलं होतं, कुणाला मिठागरांवरचं युद्ध. उदयसिंह म्हणाले की त्यांनी अशा जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या ढिगाने वाचल्यात, गरुड सगळीकडेच वेळेवर येतो, पण बांध फुटायच्या आधी पाण्याला वास येतो हे त्यांना याच पुस्तकाने सांगितलं.

शोभाताईंनी हात वर करायला सांगितलं. हात मोजायची गरज पडली नाही. खाली होता तो एकच हात, मोकलांचा.

"'चोरलेली भरती' छापायची, ठरलं," शोभाताई म्हणाल्या. "आता नाव सांगायला हरकत नाही. लेखकाने उभं राहावं."

सगळे इकडेतिकडे पाहू लागले. कुणी उठेना. उदयसिंह मागे वळून मागच्या रांगेतल्यांकडे बघत राहिले. शोभाताई मोकलांकडे पाहत होत्या. प्रांजलच्या ते आधी लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"काका! म्हणजे मघापासून मी तुमच्याशी तुमच्याच पुस्तकासाठी भांडत होते?"

"चांगली भांडलीस," मोकल म्हणाले.

जो गलका उडाला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असावा. उदयसिंहांनी उठून त्यांना मिठीच मारली. मोकलांना मिठीत कसं उभं राहतात हे माहीत नव्हतं. ते फलाटावरच्या खांबासारखे ताठ राहिले. पण कान लाल झाले होते.

"आता बसा तरी काका," कुणी तरी म्हणालं.

"कसा बसू? गुण सांगायचा राहिलाय."

"तिने सांगितले की सगळे!"

"तिने सांगितले, मी नाही." मोकलांनी खिशातला चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला. मग प्रांजलकडे वळले. आवाज स्थानकातला नव्हता. "तुझ्या गोष्टीत एक बाई होती. होडी दिसायच्या आधी जी चूल पेटवायची. ती बाई पुस्तकातली नव्हती. ती मला तेव्हाच आवडली होती. सांगायचं राहून गेलं." मग टेबलाकडे वळून म्हणाले, "हा गुण मांडून घ्या, शोभाताई."

"घेतला," शोभाताई म्हणाल्या.

प्रांजलने आपली लांबची खुर्ची उचलून टेबलापाशी आणली आणि त्यांच्या मागे ठेवली. तेव्हा कुठे प्रभाकर मोकल बसले.