पाचवी सवाष्ण

काकूंनी ताट माझ्या दारात उलटं केलं आणि वरून झटकलं. एकही दाणा राहायला नको म्हणून. तांदूळ पायरीवर, मातीत, माझ्या चपलांवर. मग नारळ टाकला. तो गडगडत जाऊन पाण्याच्या पिंपाला लागला.

"घे तुझं," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेच्या ओटीत विधवेचा हात नको."

त्यात माझं काहीच नव्हतं. तांदूळ त्यांचे, नारळ त्यांचा, खण त्यांचा. माझे फक्त हात होते. शिवाय ओटी पाच बायकांनी भरलेली. पाचही जणींचे तांदूळ एकात एक मिसळलेले. त्यातले माझे कुठले, हे कोण निवडत बसणार? म्हणून सगळेच ओतले.

माझी मुलगी उंबऱ्यात बसून पाढे लिहीत होती. आठ वर्षांची आहे. तिनं वही बाजूला ठेवली, पायरीवर उतरली आणि एकेक दाणा वेचायला लागली. सांडलेलं धान्य पायाखाली येऊ द्यायचं नाही, हे मीच शिकवलेलं.

मला काय वाटलं? काही नाही. खरं सांगते. अशा वेळी माणसाच्या अंगाचा तिळपापड होतो म्हणतात. माझं अंग गार पडलं होतं. पोरीच्या नखांत माती जातेय, एवढंच दिसत होतं. आता हिची नखं कापली पाहिजेत, असं मनात आलं.

काकूंच्या त्या भाड्याच्या खोलीसाठी मी किती उंबरे झिजवले होते ते मलाच माहीत.

नवरा टेम्पो चालवायचा. वैरागचा कांदा पुण्याला नेताना मोहोळच्या पुढं हायवेला उभ्या ट्रकवर आदळला. पोर तेव्हा चार वर्षांची. सासरी तीन वर्षं काढली. मग दिराचं लग्न ठरलं आणि आमची खोली त्याला लागली. कुणी जा म्हणालं नाही. माझी ट्रंक तेवढी बाहेर पडवीत आणून ठेवली. मी समजले आणि सोलापूरला आले. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात काज-बटणाचं काम मिळालं. काम पटकन मिळालं. खोली मिळेना.

कारखान्याजवळ खोल्या होत्या. एका ठिकाणी मोरीला दार नव्हतं. दुसरीकडं जिन्याखाली पुरुषांचा पत्त्यांचा अड्डा. पोरीला दिवसभर तिथं एकटं कसं ठेवायचं? म्हणून जुळे सोलापुरात बघायला लागले. तिकडं शाळा होती, रस्त्यांना दिवे होते, नोकरदारांची वस्ती होती. बंगल्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्या असतात. त्यांचं भाडं मला झेपणारं होतं. भाड्यावर कधी अडलंच नाही. अडायचं त्याच्या आधी.

प्रश्न दोनच. "मिस्टर काय करतात?" आणि "आडनाव काय?"

आडनाव आमचं गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यात माणसं गोंधळायची. कोणत्या गल्लीत राहत होता, कुलदैवत कुठलं, असं फिरून फिरून विचारायची. आम्ही बौद्ध. कुलदैवत काय सांगणार? नवरा नाही म्हटलं की मात्र काही विचारायचीच गरज पडायची नाही. "आम्ही फॅमिलीलाच देतो." मी आणि माझी मुलगी म्हणजे फॅमिली नव्हतो. एका घरात बाई पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात तिचा नवरा हळूच म्हणाला, "एकटीच हाईस म्हण की. मग भाड्याचं काय, बघू." मी पाणी न पिता उठले.

मग मी नवरा जिवंत केला.

बाजारातून काळे मणी आणि दोन खोट्या वाट्या घेतल्या. नवरा सुरतला कापडाच्या मिलमध्ये कामाला लावला. पोरीकडून पाढ्यांबरोबर हेही म्हणून घ्यायला लागले. पप्पा कुठं असतात? सुरतला. कधी येणार? दिवाळीला. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "मम्मी, मग आपण फोटोला हार का घालतो?" मी तो फोटो ट्रंकेत तळाला ठेवला. बुद्धाची छोटी मूर्ती साडीत गुंडाळून त्याच्या शेजारी.

पोरीचं नाव यशोधरा. या नावावरूनच लोक ओळखतात. मी नुसतं यशू सांगितलं. "यशू म्हणजे यशश्री का ग?" काकूंनीच विचारलं. मी हो म्हणाले. बाप आणि नाव, दोन्ही बदललं तेव्हा खोली मिळाली.

खोली चांगली होती. खोटं बोलणार नाही, पुष्कळ बोलून झालंय. मोरी आत, खिडकीला गज, शाळा चालत दहा मिनिटं. नळाला पाच दिवसांनी पाणी यायचं तेव्हा काकू माझं पिंप आधी भरू द्यायच्या. सर, म्हणजे त्यांचे मिस्टर, निवृत्त शिक्षक. ते यशूला जुन्या वह्यांची कोरी पानं द्यायचे. सून माझ्याकडून ब्लाउज शिवून घ्यायची. लई माया करायच्या काकू. ती माया गळ्यातल्या मण्यांवर होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माया ती माया. तेवढ्यावर आठ-नऊ महिने निघाले. मधली दिवाळी मिलची सुट्टी मिळाली नाही म्हणून निभावून नेली.

मग सुनेला सातवा लागला आणि डोहाळजेवण ठरलं.

ओटीला पाच सवाष्णी सांगितल्या होत्या. ऐन वेळी शेजारच्या बंगल्यातल्या बाईंचा फोन आला, त्यांना अडचण आली होती. काकू तशाच माझ्या दारात. "चल ग. पाचवी हवी. तू आहेस की घरातच."

"काकू, माझी शिलाई राहिलीय."

"शिलाई कुटं पळून जातीय? हिरवी साडी असली तर नेस."

मलाही अडचण आहे, एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. अख्खा नवरा रचला, सुरतेची मिल रचली, आणि बाईला सगळ्यात सोपं असलेलं हे खोटं मला त्या वेळी सुचलं नाही. कारखान्यात मैत्रिणीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. "अगं येडे, एवढं तरी बोलायचंस."

पण खरं कारण वेगळंच आहे. मला जायचं होतं.

चार वर्षं मला कुणी बोलावलं नव्हतं. वैरागला घरात कार्य असलं की सासू सांगायची, तू भांड्यांकडं बघ. मला एकदा समोरच्या दारानं जाऊन पाटावर बसायचं होतं. माझ्या आजोबांनी देव्हारा मोडला, उपास सोडले, आमच्या घरातून हे सगळं हद्दपार केलं. त्यांची नात नवरा गेल्यावर चौथ्या वर्षी कुणाच्या तरी बोटाचं कुंकू कपाळावर पडावं म्हणून हिरवी साडी नेसून गेली. काकूंनी मला जे केलं त्याची लाज त्यांना. याची लाज मला.

मी ओटी भरली. सून वाकून पाया पडली. मी म्हणाले, "सुखरूप सुट." त्यात खोटं काही नव्हतं.

सवाष्णींमध्ये सरांची बहीण होती, वैरागला दिलेली. सगळ्या तिला आत्या म्हणत. त्या मला बघत होत्या, बघतच होत्या. जेवताना म्हणाल्या, "काय ग, तू आमच्या वैरागची न्हाईस व्हय?"

"नाही, मोहोळची," मी म्हणाले.

"असंल बाई," त्या म्हणाल्या आणि पुरणपोळी वाढून घेतली.

त्या गावी गेल्या, चौकशी केली आणि तिसऱ्या दिवशी फोन केला. त्याच संध्याकाळी माझ्या दारात तांदूळ पडले.

काकू थांबल्या नाहीत. माझा नवरा कधी मेला, कसा मेला, सगळं त्यांना आता माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. जातीचं तेवढं कानावर आलेलं दिसत नव्हतं. व्हरांड्यात सर पेपर धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं. सून खिडकीत उभी होती, पोटावर हात ठेवून. मी तिच्याकडं बघितलं तशी तिनं पडदा ओढला.

मग काकूंचा आवाज जरा उतरला. "मी काय राक्षसीण नाही. पोरीची परीक्षा तोंडावर आली, मला कळतं की. राहा. पण बाळंतपण होईपर्यंत सुनेच्या समोर यायचं नाही. सकाळी तिच्या उठायच्या आत निघायचं. मागच्या बोळातून जायचं, मागूनच यायचं. तुझं तोंड तिला दिसता कामा नये. कळलं?"

मागचा बोळ म्हणजे दोन बंगल्यांमधली गटाराची फट. कचरा नेणारी बाई तिथून येते.

मी हिशोब केला तो दिवसांचा. परीक्षा, निकाल, उन्हाळा. दोन महिनेच तर आहेत. तोंडच दाखवायचं नाही ना, नाही दाखवत. तोंडात शब्द तयार होता. बरं. "बरं काकू" म्हणायला मी मानसुद्धा हलवली होती.

तेवढ्यात यशू उभी राहिली. फ्रॉकच्या ओच्यात वेचलेले तांदूळ. ती काकूंच्या समोर गेली आणि शाळेत बाईंना उत्तर देतात तशी ताठ उभी राहिली.

"काकू, ती आत्या खोटं बोलतीय. माझे पप्पा सुरतला आहेत. काल फोन आला होता. दिवाळीला येणार आहेत, तुमच्यासाठी साडी आणणार आहेत."

साडीचं मी शिकवलं नव्हतं. ते तिनं स्वतः घातलं होतं. आवाज कापला नाही, डोळा लवला नाही. आठ वर्षांची पोर आईला वाचवण्यासाठी मेलेल्या बापाचा फोन आणत होती. आणि किती सफाईनं.

तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी झालं. राग नव्हता तो. बसून बसून पाय बधिर होतो, मग रक्त परत येताना ठणकतो, तसं झालं. सगळ्या अंगाला.

"यशू, गप," मी म्हणाले. "तिचा बाप मेलाय, काकू. चार वर्षं झाली. मी खोटं बोलले. पोरीलाही बोलायला लावलं. ते माझं चुकलं, आणि ते मी तिच्याशी बोलेन. तुमच्याशी नाही."

"बघा, वर तोंड करून..."

"तिचं नाव यशश्री नाही. यशोधरा आहे. आम्ही बौद्ध आहोत. तेही लपवलं. आता लपवायचं काही उरलं नाही."

काकू एक पायरी मागं सरकल्या. मी बोट लावलं नव्हतं, तरी साडी सावरून घेतली. सरांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

कारखान्यातली दोरे कापायची छोटी कातर माझ्या कमरेला असते. त्या कातरीनं मी गळ्यातल्या मण्यांचा दोरा कापला. मणी तांदळात पडले. यशू ते वेचायला खाली वाकली.

"ते राहू दे," मी म्हणाले. "त्यांचं त्यांना झाडू दे."

सामान म्हणजे ट्रंक, मशीन, पिंप आणि गॅस. त्याच संध्याकाळी रिक्षा आणली. काकूंनी सांगितलं, मागच्या बाजूला लाव. मी पुढच्या फाटकात लावली. मशीन एकटीनं उचललं. व्हरांड्यासमोरून चार खेपा केल्या, सरांच्या डोळ्यांदेखत, खिडकीच्या समोरून. पडदा हलला नाही. शेवटच्या खेपेला यशूच्या हातात बापाचा फोटो होता. तिनं तो तोंड बाहेर करून धरला होता.

सध्या कारखान्यातल्या अक्काच्या घरी आहोत. ती तेलुगू, घरात चार माग आणि नऊ माणसं. मागांच्या खोलीत आम्ही पथारी टाकतो. उन्हाळ्यात तिची लेक बाळंतपणाला येणार, तेव्हा उठावं लागेल. तिनं सांगून ठेवलंय, मीही वाईट मानलं नाही. यशूची शाळा आता दोन रिक्षा लांब पडते. तिनं परीक्षा दिली.

रविवारी आम्ही खोल्या बघायला जातो. दार उघडलं की मी पाणी मागायच्या आधी सांगते. नवरा वारलाय. आम्ही बौद्ध. मी आणि मुलगी, दोघीच. आता भाडं सांगा. लोक गडबडतात. जे आडून आडून विचारायचं असतं ते आधीच समोर आलं की त्यांना काय बोलावं कळत नाही. "आत्ताच दिली हो खोली," म्हणतात. दारावर पाटी लटकत असते. मी पाटीकडं बोट दाखवते आणि उभी राहते. त्यांना तोंडानं नाही म्हणायला लावते. तेवढं तरी करायला लावते.

परवा एका म्हाताऱ्यानं मला सोडून यशूलाच विचारलं, "पप्पा काय करतात बाळ?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मानही हलवली नाही. हे तिचं तिलाच म्हणायचं होतं.

"वारले," ती म्हणाली. "आणि माझं नाव यशोधरा."

खोली मिळाली नाही. अजून मिळालेली नाही. मिळेल का, माहीत नाही. पण ज्या खोलीसाठी माझ्या पोरीला मेलेला बाप जिवंत करावा लागतो, ती खोली फुकट दिली तरी मला नको.

त्या म्हाताऱ्याच्या फाटकातून बाहेर पडलो आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.