शेवटचा ठोका

थोरली मावशी जेवायला बसली की मूठभर भात पानात बाजूला काढायची, ताटाच्या काठावर दोन बोटांनी एक ठेका वाजवायची आणि शेवटचा ठोका न देताच हात उचलायची. मग मान तिरकी करून ऐकत बसायची. आमचे हातही तोवर ताटातच अडकलेले, कारण तिच्याआधी घास घ्यायची कुणाची टाप नव्हती.

"शेवटचा ठोका आपला नव्हे, पोरी," ती मला म्हणायची. "तो थोरल्यांचा. त्यांनी दिला की समजायचं, घरात आले." थोरले म्हणजे मेलेले पूर्वज.

अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या आमच्या घरात तो ठोका कधी आला नाही. मावशी माझ्या भावाच्या वेळी आईच्या बाळंतपणासाठी कर्नाटकातल्या हल्याळजवळच्या खेड्यातून आली होती आणि थोरले आल्याशिवाय बाळाचं नाव ठेवायचं नाही, असा तिचा हट्ट होता. बाळ नुसत्या 'बेबी' या नावावर बाळसं धरू लागलं. दुपारी मावशी भिंती, नळ, बेसमेंटचं दार ठोकत फिरायची आणि कान लावायची. शाळेतून येताना तो आवाज ऐकला की मी बूटही न काढता दारात उभी राहायची. मावशी मला फार आवडायची, पण एखाद्या दिवशी तिच्याबरोबर मलाही काही ऐकू येईल, याची धास्ती वाटायची.

"अक्का, हे इथे नको," आई वैतागायची. "मराठी मंडळातल्या लोकांना कळलं तर?" आम्ही बेळगावकडचे, एवढंच तिने मंडळात सांगितलं होतं.

शेवटी आईने बारसं परस्पर ठरवून टाकलं. तिच्या हॉस्पिटलमधली नर्स लोरेटा आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन डेट्रॉइटहून आली. दोघी कृष्णवर्णीय; म्हातारीचे बारीक कुरळे केस थेट मावशीसारखे. पाळणा हलला आणि मावशीने तेलाचा रिकामा डबा मांडीत घेतला. आमचा ढोल, दमाम, गावीच राहिला होता. आई डोळ्यांनी नको नको म्हणत असतानाच ठेका सुरू झाला. ताटावरचाच, पण आता तो जमिनीतून पायांत चढत होता. शेवटाला मावशीने हात उचलला.

लोरेटाच्या आईची टाच धप्पकन जमिनीवर पडली.

मावशीने पुन्हा वाजवलं. पुन्हा टाच, नेमकी तिथेच. मंडळातल्या काकूंचा खिरीचा चमचा हवेतच राहिला.

"हिला कुणी शिकवलं? विचार," मावशी मला म्हणाली.

मी विचारलं. "नोबडी, हनी," म्हातारी म्हणाली. "दॅट्स जस्ट व्हेअर इट गोज. माय ग्रॅनी डिड इट." मी मावशीला सांगितलं, कुणी नाही, ठोका तिथेच पडतो, हिची आजीही द्यायची.

तेव्हा मावशीने सगळ्यांदेखत मला सांगितलं, की आईकडून आपण सिद्दी. आपले थोरले आफ्रिकेतून जहाजांत घालून आणलेले. "काहींना आपल्याकडे उतरवलं, काहींना इकडे. गावाचं नाव कुणाला आठवत नाही. ठेका आठवतो." आई पाळण्याची दोरी धरून रडत होती. भावाचं नाव त्याच दिवशी ठेवलं.

मावशीचं समाधान मात्र झालं नव्हतं. गावी परत निघताना तिने आईचा हात धरला. "तिच्या टाचेनं दिला. तुझ्या घरानं अजून दिला नाही. मी गेल्यावर भात काढशील ना?" आईने हात सोडवून तिची बॅग गाडीत ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात गावाहून फोन आला. मावशी गेली होती. आईने स्वयंपाक केला, मूठभर भात बाजूला काढला आणि ताटाच्या काठावर चुकतमाकत ठेका धरला. शेवटाला तिने हात उचलला.

खालून, बेसमेंटमधून, एक ठोका आला.

"फर्नेस असेल," बाबा म्हणाले. घर गरम ठेवणारं ते फर्नेस सकाळपासून बंद पडलं होतं. आम्ही सगळे कोट घालून जेवायला बसलो होतो.

आई उठली. तिने बेसमेंटचं दार उघडलं आणि खालच्या अंधारात वाकून पाहिलं.

"अक्का," ती म्हणाली, "वर ये. भात निवतोय."