रुमालाखाली तिसरा हात

आमच्या कारंज्यात फुटबॉल टीमचं नशीब सोयाबीनच्या भावावर चालतं, हे बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगताना मला फार मजा येते. टीमचे मालक बाजार समितीत अडते आहेत. भाव चढला की पोरांना नवे बूट येतात आणि हाफ टाइमला केळी. भाव उतरला की आधी केळी जातात, मग लिंबू जातं, आणि शेवटी मालक स्वतः मैदानात येऊन सांगतात की साध्या पाण्यासारखं टॉनिक नाही.

या टीमचे आम्ही तिघं कायमचे प्रेक्षक. एक मी, एक टेलर चाचा, आणि एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर भाऊ. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून मालकाला नावं ठेवणं हा आमचा नित्यनेम. चाचा मोबाइलवर परदेशातले क्लब पाहतात, त्यामुळे त्यांना अरबी मालक हवा. तिकडं म्हणे जमिनीतून आपोआप तेल निघतं. आमच्या मालकाला तेल पाहायचं तर आधी सोयाबीन खर्ची घालावं लागतं. कंडक्टर भाऊंचं म्हणणं, टीम सरळ महामंडळाकडे द्यावी. उशिरा येईल, पण येईल, आणि म्हाताऱ्यांना हाफ तिकीट. मी रोज मत बदलत असे, कारण सगळ्यांचं एकमत झालं की बैठक लवकर उठते.

यंदा टीम शिल्डच्या फायनलला पोचली ती एकट्या सेंटर फॉरवर्डच्या जिवावर. हा पोरगा मालकाच्याच दुकानात मापारी, काट्यावर पोती तोलणारा. त्याचं लग्न अडलं होतं. मुलगी तयार, घरचे तयार, पण मुलीच्या वडिलांची एकच अट: नोकरी बाराही महिन्यांची पाहिजे. आमचे मालक तर हंगाम संपला की काटा फडक्यात गुंडाळून ठेवत आणि पोराला घरी पाठवत. ही गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती. शेजारच्या मानोऱ्यालाही होती, आणि फायनल मानोऱ्याशीच होती.

फायनल दोन दिवसांवर आली तेव्हा मानोऱ्याच्या टीमचे मालक जीप घेऊन आमच्या अडत्याच्या दुकानात हजर झाले. त्यांचं बी-खतांचं दुकान आहे, ते बाराही महिने उघडं असतं. पोरगा त्यांना तिथं कामाला हवा होता आणि फायनलला तिकडून खेळायला. आमच्या स्पर्धेत पहिली शिट्टी वाजेपर्यंत कोणीही कोणाचाही असू शकतो.

आता, धान्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, उघड्यावर होतो. पण आमचे मालक पडले बैलांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. वडिलांची रीत त्यांनी सोडलेली नाही. सौदा बैलाचा असो की जुन्या स्कूटरचा, दोघांचे हात एका रुमालाखाली जाणार, बोटं दाबून भाव ठरणार, आणि बघणाऱ्यांना फक्त रुमाल दिसणार. आम्ही तिघं धावत पोचलो तेव्हा रुमाल पडलेला होता. प्रेक्षकांचा हक्क म्हणून आम्ही पोत्यांवर बसलो.

चाचांनी कोपरांकडे पाहून धावतं समालोचन सुरू केलं. कंडक्टर भाऊ मानोरेकरांच्या मिशा वाचत होते. मी रुमालाकडे पाहत होतो, म्हणून पुढचं मला सगळ्यांत आधी दिसलं. सेंटर फॉरवर्ड काट्यावरून उतरला, पॅन्टला हात पुसला, शांतपणे चालत आला आणि त्यानं आपला हात रुमालाखाली घातला.

तिसरा हात! बाप्पा, बैलबाजाराच्या इतिहासात बैलानं असं कधी केलं नसेल. रुमाल मांजराची पिल्लं झाकल्यासारखा वळवळू लागला. मानोरेकरांची भिवई वर गेली. आमच्या मालकांच्या कपाळावर घाम आला. पोराचा चेहरा पेनल्टी मारताना असतो तसा, कोरा. मग मानोरेकरांनी सुस्कारा टाकून हात बाहेर काढला, आणि मालक रुमाल झटकत, दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखे बोलले, "पोट्टा इथंच राहीन. बारमाही."

कोणी कोणतं बोट किती दाबलं, ते आजपर्यंत बाहेर आलेलं नाही. चाचांच्या मते पोरानं दोघांची बोटं एकाच वेळी धरून एकमेकांवर चढवली. कंडक्टर भाऊंच्या मते त्यानं मालकाची करंगळी नुसती पिरगाळली. आम्ही मात्र जिंकल्यासारखे घरी गेलो.

सकाळी कळलं की मानोऱ्याची जीप रिकामी गेलेली नव्हती. बारमाही पगाराची सोय म्हणून मालकांनी आमचा गोलकीपर रोख पैसे घेऊन त्यांना दिला होता.

फायनलला गोलात मालकांचा मेहुणा उभा राहिला. हा माणूस जन्मभर दुकानाच्या गादीवर बसलेला. चेंडू आला की तो अदबीनं बाजूला सरकून जागा करून देई, गिऱ्हाइकाला देतात तशी. आमच्या सेंटर फॉरवर्डनं दोन गोल केले. मेहुण्यानं तीन गिऱ्हाइकं आत घेतली.

शिल्ड मानोऱ्याला गेलं आणि चाचा मैदानाकडेच्या एका खुर्चीवर चढले. मालकाचं काय करावं याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाही. सौम्य भाग एवढाच की टीमही सोडा, दुकानही बंद करा. आम्ही टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात पांढऱ्या टोपीतल्या एका पाहुण्यानं माझ्या शर्टाची बाही ओढली. मुलीचे वडील. ते जवाई पाहायला म्हणून आले होते, खेळातलं त्यांना काही कळलेलं नव्हतं, पण चाचांचं भाषण नीट कळलं होतं.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "हा मालक दुकान बंद करून राह्यला काय? मंग पोराच्या नोकरीचं कसं?"

मी चाचांच्या पायाला चिमटा काढला आणि डोळ्यांनी टोपी दाखवली. चाचांनी टोपीकडे पाहिलं. मग त्याच खुर्चीवरून, त्याच आवाजात, त्यांनी गाडी उलटी फिरवली. "असा मालक साऱ्या दुनियेत नाही, भाई! हरला तरी कोणाले काढत नाही. त्याचं दुकान तर आपल्या नातवायच्या लग्नापर्यंत चालीन." कंडक्टर भाऊंनी लगेच साक्ष काढली की अशी पक्की नोकरी त्यांनी एसटीतही पाहिली नाही. पाहुणे मान हलवू लागले आणि तिथंच मला लग्नाची तारीख विचारू लागले.

मालक नेमके तेवढ्यात मागं येऊन उभे राहिले होते. एवढ्या वर्षांत स्वतःची स्तुती त्यांनी पहिल्यांदा ऐकली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा सांगितला, मेहुण्याला जवळ ओढलं आणि म्हणाले, "तुमी लोक एवढे खुश आहा, तर पुढच्या हंगामातही गोलात हाच उभा राहीन."

पाहुणे शेजारीच बसलेले. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.