सहा कोनांची माया

माझ्या नणंदबाई जुन्या गोधड्या विकतात. गोधडी हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही, लगेच कपाळाला आठ्या पडतात. क्विल्ट म्हणायचं. तेही नुसतं क्विल्ट नाही. हँडमेड, व्हिंटेज, हेक्सागॉन क्विल्ट. एवढं सगळं उच्चारेपर्यंत माणसाची थंडी पळून जावी, पण गिऱ्हाइकं ते उच्चारतात आणि वर पिशवीभर पैसे मोजतात. घरात आम्ही त्यांना ताई म्हणतो. माझी मुलगी पाठीमागे अँटिकआत्या म्हणते आणि मी तिला रागवत नाही.

दुकान बाजारामागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्यातल्या भिंतीला ओल आहे आणि ताईंनी ती मुद्दाम राखली आहे, कारण गिऱ्हाइकाला पहिल्या पायरीपासूनच जुना वास यायला हवा. वर पिवळे दिवे, लाकडी शिड्या आणि शिड्यांवर लटकवलेल्या गोधड्या. तळहातात मावतील असे सहा कोनांचे तुकडे, मधला पिवळा, त्याभोवती फुलाफुलांचे सहा, त्यांच्याभोवती पांढऱ्यांची रांग. दिसतात छान, खोटं कशाला बोलू. येणाऱ्या बायका त्यांवरून हात फिरवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात की काय माया आहे हो या टाक्यांत. मी शेजारी उभी असले तर खिडकीबाहेर बघते, कारण मागची खोली मी पाहिलेली आहे.

मागच्या खोलीत दोन बायका शिंप्यांकडून आणलेल्या चिंध्यांवर बसलेल्या असतात. कागदाचा सहा कोनांचा तुकडा घ्यायचा, त्यावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, मग एकाच्या काठाला दुसऱ्याचा काठ लावून बारीक शिवायचं आणि शेवटी कच्चा दोरा न् कागद काढून टाकायचा. हे सगळं खरोखर हाताने होतं, तेवढा ताईंचा प्रामाणिकपणा. पुढे गच्चीवर गोधडीचं वय वाढवतात. तिथे जर्मनच्या मोठ्या पातेल्यात चहापूड उकळत असते. गोधडी त्यात बुडवायची, पिळायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. मग टाचा घासायच्या वजरीने काठ घासायचे आणि डांबरगोळ्यांच्या पेटीत कोंबायची. एका कोपऱ्यातले टाके ताई स्वतः उसवतात आणि वाकडेतिकडे घालतात. म्हातारीचा हात थरथरत होता, असं गिऱ्हाइकाला सांगायला तो कोपरा लागतो.

प्रत्येक गोधडीला म्हातारी असतेच. एक जहाजावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत शिवायची आणि शेवटचा तुकडा जोडला त्या दिवशी तो बुडाल्याची बातमी आली. ही बिचारी गेल्या वर्षात सहा वेळा विधवा झाली.

ताई आधी विमा कंपनीत टायपिस्ट होत्या. संगणक आले, टाइपरायटर भंगारात गेले आणि त्यांच्या मागोमाग साहेबांनी ताईंनाही घरी पाठवलं. जुनी झाली म्हणून जिला काढलं, तिने जुनेपणाच विकायला काढला. याला अक्कल लागते हे मला मान्य आहे, पण त्यांच्यासमोर मी ते कबूल करणार नाही. आधीच त्या नाकाने कांदे सोलतात.

आता गंमत बघा. खरी जुनी, खरी हातची, खऱ्या म्हातारीची गोधडी आमच्याच घरात होती. सासूबाईंच्या ट्रंकेत, तीही सहा कोनांचीच. सासऱ्यांचे शर्ट, मुलांचे गणवेश, दारावरचा पडदा, सगळं त्यात होतं. मधोमध लाल फूल होतं, ताईंचा लहानपणीचा फ्रॉक शिवून उरलेल्या कोऱ्या कापडाचं. त्या फ्रॉकचा रंग पहिल्या धुण्यात असा काही गेला होता की सासरे महिनाभर गुलाबी बनियन घालून कचेरीत जात होते. हा किस्सा आमच्या घरात कुणाला पाठ नाही असं नाही.

गोधडीचे रंग मात्र काल शिवल्यासारखे होते, कारण ती कुणी कधी पांघरलीच नाही. त्या बाबतीत सासूबाईही काही कमी नव्हत्या. चांगल्या दिवसासाठी ठेवलीय, म्हणायच्या. लेकीचं लग्न झालं, नात झाली, आमच्या ह्यांना बढती मिळाली. चांगला दिवस काही उगवला नाही. वर्षातून एकदा ऊन द्यायला ट्रंक उघडायची आणि त्याआधी घरातल्या प्रत्येकाने हातातला कप स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचा. कुणीतरी चहा सांडेल, हा त्यांचा जन्माचा धसका. वापरायची नव्हती तर डोळे फोडून शिवली कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं.

या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. दोन ब्लँकेटं घातली तरी पाय गारच. मी तेल चोळायची, गरम पाण्याची पिशवी ठेवायची, थोड्या वेळाने पुन्हा गार. एका दुपारी त्या म्हणाल्या, "ट्रंकेतली काढ गं. किती दिवस वाट बघू आता." मी गोधडी काढली, त्यांच्या पायांवर पसरली आणि त्या लाल फुलावर हात ठेवून पडून राहिल्या.

तेवढ्यात ताई आल्या. हातात आईसाठी मोसंबी, पण नजर थेट गोधडीवर. आई, हे का पांघरतात, असं त्या खरोखर म्हणाल्या. हॉटेल सजवणारा कुणी मोठा माणूस अस्सल जुन्या क्विल्टच्या शोधात होता. विकायची नव्हती म्हणे, फक्त दाखवायची होती. असली एक भिंतीवर दिसली की बाकीच्याही खपतात. दोन दिवसांत परत आणते, तोवर नवं ब्लँकेट पाठवते, इतकं हलकं की अंगावर आहे हेही कळणार नाही. मी म्हटलं, ताई, त्यांचे पाय गार आहेत. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. घरात काही ठरायची वेळ आली की ते पान उलटतात.

"नेऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "फक्त चहापासून लांब ठेव."

ताई हो म्हणाल्या.

दोन दिवसांचा आठवडा झाला. नवं ब्लँकेट आलं. ते घसरायचं आणि हात लावला की चटचट करायचं. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, आली का गं ती? ती म्हणजे गोधडी, लेक नव्हे. फोन केला की ताई म्हणायच्या, उद्या. शेवटी मीच दुकानात गेले. शिड्यांवर गोधडी नव्हती. मागच्या खोलीतल्या दोघी माझ्याकडे न बघता शिवत राहिल्या, तेव्हा मी सरळ गच्चीचा जिना चढले.

ती गच्चीवर दोरीवर होती. सगळीकडे चहाचा मातकट रंग, आणि मधल्या लाल फुलाने असा रंग सोडला होता की भोवतीचे पांढरे, सासऱ्यांचे शर्ट, सगळं गुलाबी-तपकिरी होऊन बसलं होतं. ताई टाकीच्या कठड्यावर बसल्या होत्या. काय घडलं ते त्यांनीच सांगितलं. तो सजावटवाला आला, त्याने दुकानातल्या सगळ्या गोधड्या हाताळल्या, चहातल्या अस्सल ठरवल्या आणि सासूबाईंची बाजूला काढून म्हणाला, ही नवी आहे, रंग बघा. माझ्या आईने शिवलीय, असं ताईंनी सांगितलं. तो हसला. इथे सगळ्याच आईच्या असतात, म्हणाला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर जी पिकली होती तीच कच्ची ठरली.

मग ताईंनी काय करावं? माणसाला हाकलावं, गोधडी काखेत मारावी आणि घरी यावं. पण जित्याची खोड. तो गेल्यावर त्यांनी पातेलं चढवलं. थोडीशीच बुडवणार होते गं, म्हणाल्या, नुसता कोरेपणा घालवायला. बनियनचा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगणारी बाई, आणि नेमकं तेच कापड त्यांनी उकळत्या चहात घातलं. मला त्यांची दया आली नाही. संताप आला, आणि डोळ्यांसमोर सासूबाईंचे पाय होते.

त्यांच्याकडे त्यावरही उपाय तयार होता. मागच्या दोघी तशीच दुसरी बनवतील, कापडं मिळवता येतील. "आईला दिसतं कुठे आता," त्या म्हणाल्या. "कळणारही नाही." म्हणजे गिऱ्हाइकं फसवून झाली होती, आता जन्मदातीची पाळी. मी गोधडी दोरीवरून ओढली, घडी केली आणि जिना उतरले. थोड्या वेळाने मागे चपला वाजल्या. ताई येत होत्या.

सासूबाईंच्या पायांवर मी ती पसरली. ताई दारातच उभ्या राहिल्या. सासूबाईंनी काठ नाकाशी नेला, हुंगला, मग गोधडी खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"चहा?" त्यांनी विचारलं.

"हो, आई," ताई म्हणाल्या. "माझ्याकडून."

"सगळीवर?"

"सगळीवर."

आता ताईंना काय ऐकावं लागतंय याची मला धास्ती होती. खरं सांगायचं तर ऐकायला आतुरही होते. सासूबाईंनी गोधडी गुडघ्यांवर ओढली, पोटापर्यंत ओढली, थेट हनुवटीपर्यंत ओढली. "सुटले बाई," त्या म्हणाल्या. "आता सांडायला काही उरलंच नाही." आणि चहा मागितला. अंथरुणातच पिईन म्हणाल्या.

चहा ताईंनी केला. कप आणताना त्यांचा हात थरथरत होता, आणि या वेळी ते कुणाला दाखवायला नव्हतं. आईच्या हातात देता देता घोटभर चहा लाल फुलावर सांडला. ताई पदराने पुसायला धावल्या.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "कळणारही नाही."